ऑक्साइडवरून धातूचा सममूल्यभार कसा काढायचा

मॅग्नेशियमच्या फितीचा एक तुकडा घेतला, वजन ०.२४३ ग्रॅम. तो पुरता जाळला आणि उरलेल्या पांढऱ्या भुकटीचे वजन केले, तर ते ०.४०३ ग्रॅम भरले. जळून वजन वाढले. ही वाढ कुठून आली हे कळले की सममूल्यभाराचे निम्मे काम झाले. हवेतला ऑक्सिजन धातूला येऊन मिळाला, आणि तो किती मिळाला हे साध्या वजाबाकीतून समजते: ०.४०३ उणे ०.२४३, म्हणजे ०.१६० ग्रॅम.

आता शाळेतले त्रैराशिक मांडा. ०.१६० ग्रॅम ऑक्सिजनला ०.२४३ ग्रॅम मॅग्नेशियम, तर ८ ग्रॅम ऑक्सिजनला किती? ०.२४३ भागिले ०.१६०, गुणिले ८. उत्तर १२.१५. हाच मॅग्नेशियमचा सममूल्यभार.

एवढ्या हिशेबात आपण मॅग्नेशियम ऑक्साइडचे रेणुसूत्र वापरले नाही, मॅग्नेशियमची संयुजा (त्याचा एक अणू हायड्रोजनच्या किती अणूंच्या तोलाचा, तो आकडा) विचारली नाही, अणुभाराचा तक्ता उघडला नाही. नव्याने शिकणारा विद्यार्थी बहुतेक वेळा उलट वाटेने जातो. धातूचे नाव दिसले की तो आधी सूत्र आठवतो, मग संयुजा, मग अणुभाराला संयुजेने भागतो. उत्तर बरोबर येतेही, पण प्रश्नात धातूचे नावच दिले नसेल तर तो अडतो. सममूल्यभार हा तराजूतून निघणारा आकडा आहे. सूत्र, संयुजा आणि अणुभार त्याच्यानंतर येतात, आणि पुष्कळदा त्याच्याच आधारे ठरतात. हा क्रम मनात पक्का बसला की पुढचे सगळे सोपे आहे, म्हणून मी या लेखात तोच क्रम धरणार आहे.

८ हा आकडा कुठून आला

सममूल्यभाराची व्याख्या अशी: एखाद्या मूलद्रव्याचे जितके भाग १.००८ भाग हायड्रोजनशी, ८ भाग ऑक्सिजनशी किंवा ३५.४५ भाग क्लोरिनशी संयोग पावतात किंवा त्यांना संयुगातून बाजूला सारतात, तितका त्याचा सममूल्यभार. सगळे भाग वजनाचे. ग्रॅममध्ये मोजले तर त्याला ग्रॅम-सममूल्यभार म्हणतात. काही पुस्तकांत ‘समतुल्य भार’ असाही शब्द दिसतो, अर्थ एकच.

पाण्यात १.००८ ग्रॅम हायड्रोजनमागे ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो. म्हणून हायड्रोजनचा १.००८ आणि ऑक्सिजनचा ८ हे एकमेकांच्या तोलाचे. जो धातू ८ ग्रॅम ऑक्सिजनला पुरतो, तोच १.००८ ग्रॅम हायड्रोजनच्या जागी बसतो. ‘सममूल्य’ या शब्दाचा अर्थ शब्दशः तोच आहे: रासायनिक व्यवहारात सारख्या मोलाचे.

मग ऑक्सिजनचीच कास का धरायची? कारण आम्लातून हायड्रोजन बाहेर काढणे सगळ्या धातूंना जमत नाही. तांबे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले तर हायड्रोजन सुटत नाही. ऑक्साइड मात्र जवळजवळ प्रत्येक धातूचा करता येतो, आणि तो तापवून वाळवला की वजन करायला स्थिर असतो. विल्यम वोलॅस्टन यांनी १८१४ मध्ये सममूल्यांची सरकपट्टी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनीही ऑक्सिजनच पायाला धरला, फक्त त्याला १० मानले. पुढे ऑक्सिजनचा अणुभार बरोबर १६ धरण्याची पद्धत रूढ झाली आणि त्याचा निम्मा ८ आपल्या वाट्याला आला. १९६१ पासून अणुभार कार्बन-१२ वर मोजतात, त्यामुळे आज तो आकडा काटेकोरपणे ८ पेक्षा अगदी किंचित कमी आहे. आपल्या हिशेबात त्याने काही बिघडत नाही.

हिशेबाची मांडणी

धातूच्या वजनाला ‘ध’ म्हणू, ऑक्सिजनच्या वजनाला ‘ऑ’ आणि सममूल्यभाराला ‘स’.

स = (ध ÷ ऑ) × ८

सूत्र एका ओळीचे आहे. चुका होतात त्या ‘ध’ आणि ‘ऑ’ ओळखण्यात. प्रश्नात किंवा प्रयोगात तीन वजने असतात, धातूचे, ऑक्सिजनचे आणि ऑक्साइडचे, आणि त्यांतली दोनच दिलेली असतात. म्हणून गणित सुरू करण्याआधी तीन ओळी लिहा:

धातू = ?
ऑक्सिजन = ?
ऑक्साइड = ?

दिलेले दोन आकडे आपापल्या जागी भरा, तिसरा बेरीज-वजाबाकीने काढा, आणि मगच सूत्राकडे वळा. ही सवय फार किरकोळ वाटते, पण मी पाहिलेल्या चुकांपैकी बहुतेक या तीन ओळींनी टळल्या असत्या. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे भागाकारात ऑक्सिजनऐवजी ऑक्साइडचे वजन घेणे. वरच्याच मॅग्नेशियमचे तसे केले तर ०.२४३ ÷ ०.४०३ × ८ = ४.८२ येते. दुसरी चूक अपूर्णांक उलटा करण्याची: ०.१६० ÷ ०.२४३ × ८ = ५.२७. दोन्ही उत्तरे ८ च्या खाली आहेत, आणि तिथेच शंका यायला हवी. ८ पेक्षा कमी सममूल्यभार असणे याचा अर्थ ऑक्साइडमध्ये धातूपेक्षा ऑक्सिजनचे वजन जास्त. असे धातू मोजकेच: लिथियम ६.९४, बेरिलियम ४.५. ज्या ऑक्साइडमध्ये धातूचा वाटा मोठा दिसतो आहे, त्याचे उत्तर ८ च्या वरच यायला हवे.

प्रयोग स्वतः करायचा असेल तर

मॅग्नेशियमपासून सुरुवात करणे चांगले. तो नीट जळतो, त्याचा ऑक्साइड पांढरा आणि स्थिर असतो. लागणारे सामान: चिनी मातीची झाकणासह मूषा (प्रयोगशाळेत सगळे तिला क्रुसिबलच म्हणतात), मातीच्या नळ्यांचा त्रिकोण, तिवई, बुन्सेन बर्नर, लांब चिमटा, डेसिकेटर (वस्तू हवेतला ओलावा न लागता थंड करण्याचे बंद भांडे) आणि निदान १ मिलीग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा.

आधी रिकामी मूषा झाकणासह लालबुंद होईपर्यंत तापवा. चिनी मातीत मुरलेला ओलावा जातो. डेसिकेटरमध्ये थंड करा, वजन करा. पुन्हा तापवा, थंड करा, वजन करा. दोन वजने जुळली की ते मूषेचे खरे वजन. समजा ते २४.३१८ ग्रॅम आहे.

मॅग्नेशियमची फीत पॉलिशपेपरने घासून चकचकीत करा. तिच्यावरचा करडा थर म्हणजे आधीच तयार झालेला ऑक्साइड, आणि तो धातू म्हणून मोजला जायला नको. सुमारे पाव ग्रॅम फीत सैल गुंडाळून मूषेत ठेवा. घट्ट गुंडाळी केली तर आतल्या वेढ्यांपर्यंत हवा पोचत नाही. आता एकूण वजन २४.५६१ ग्रॅम, म्हणजे धातू ०.२४३ ग्रॅम.

झाकण ठेवून आधी मंद, मग तीव्र आंच द्या. दर एक-दोन मिनिटांनी चिमट्याने झाकणाची कड किंचित उचला, एवढीच की थोडी हवा आत जाईल, आणि लगेच ठेवा. धातू भडकलेला दिसला तर झाकण तत्काळ बंद. इथे घाई अजिबात नको. झाकण जास्त उघडले की पांढरा धूर बाहेर पडतो. तो धूर म्हणजे आपला ऑक्साइडच, आणि तो एकदा निघून गेला की पुढचे कोणतेही वजन तो परत आणत नाही. जळत्या मॅग्नेशियमच्या प्रखर प्रकाशाकडे नजर रोखून पाहू नका, डोळ्यांना इजा होते; संरक्षक चष्मा लावलेला असू द्या. आणि जळत्या मॅग्नेशियमवर पाणी कधीही टाकायचे नाही, कारण त्या तापमानाला धातू पाण्यातूनही ऑक्सिजन ओढून घेतो आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो.

झाकण उचलल्यावर आत काही उजळत नाही असे दिसले की झाकण काढून पाच-दहा मिनिटे जोराने तापवा आणि थंड होऊ द्या. पुष्कळ जण इथे थेट वजन करतात. पण हवेत ऑक्सिजनच्या चौपट नायट्रोजन आहे, आणि तापलेला मॅग्नेशियम त्याच्याशीही थोडा संयोग पावतो. तयार होते मॅग्नेशियम नायट्राइड. ते काढण्याची युक्ती मला फार आवडते. पूर्ण थंड झालेल्या भुकटीवर पाण्याचे पाच-सहा थेंब टाकायचे. नायट्राइडची पाण्याशी क्रिया होऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनते आणि अमोनिया सुटतो; मंद आंचेवर वाळवताना त्याचा वास जाणवतो. मग पुन्हा जोराने तापवले की हायड्रॉक्साइडमधले पाणी निघून जाते आणि उरतो फक्त ऑक्साइड. वाळवताना आंच मंदच ठेवा, नाहीतर भुकटी उडून बाहेर पडते.

डेसिकेटरमध्ये थंड करून वजन: २४.७१९ ग्रॅम. पुन्हा तापवून, थंड करून: २४.७२०. तिसऱ्यांदा: २४.७२०. वजन स्थिर झाले. ऑक्सिजन = २४.७२० उणे २४.५६१ = ०.१५९ ग्रॅम.

स = (०.२४३ ÷ ०.१५९) × ८ = १२.२३

खऱ्या १२.१५ पासून हे अर्ध्या टक्क्याच्या आसपास दूर आहे. साध्या सामानावर हे उत्तम उत्तर समजायला हरकत नाही.

काट्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ऑक्सिजनचे वजन हा २४ ग्रॅमच्या दोन मोठ्या आकड्यांमधला छोटा फरक आहे. काटा दोनच दशांश स्थळे दाखवत असेल आणि या फरकात ०.०२ ग्रॅमची चूक झाली, तर ०.१६ चे ०.१४ किंवा ०.१८ होते आणि उत्तर १३.९ पासून १०.८ पर्यंत कुठेही जाऊ शकते. तेव्हा काटा बेताचा असेल तर धातू जास्त घ्या, म्हणजे फरकही मोठा होईल. मात्र जास्त धातू सावकाश जाळावा लागतो.

उत्तर चुकले तर ते कुठल्या बाजूला चुकले

आकडा जुळला नाही की ‘प्रायोगिक त्रुटी’ एवढे लिहून मोकळे होऊ नये. चूक कोणत्या दिशेला आहे यावरून ती कुठे झाली हे बऱ्याचदा सांगता येते. सूत्रात ऑक्सिजन छेदात आहे. ऑक्सिजन कमी मोजला गेला तर सममूल्यभार वाढतो, जास्त मोजला गेला तर घटतो. एवढेच ध्यानात ठेवायचे.

धूर निसटला: ऑक्साइडचे वजन कमी, म्हणून ऑक्सिजन कमी, उत्तर जास्त. वरच्या उदाहरणात ०.१६० ऐवजी ०.१५० ग्रॅम वाढ मिळाली, म्हणजे जेमतेम १० मिलीग्रॅम धूर गेला, तर उत्तर थेट १२.९६ होते. धातू पूर्ण जळला नाही: पुन्हा उत्तर जास्त. फीत घासली नाही: जो ऑक्साइड होता त्याला धातू मानले, उत्तर जास्त. मूषा कोमट असतानाच काट्यावर ठेवली: तापलेल्या हवेचा वर जाणारा प्रवाह ती हलकी दाखवतो, उत्तर जास्त. नायट्राइड तसेच राहिले तरीही जास्तच, कारण धातूचा तेवढाच भाग नायट्रोजनचे वजन कमी घेतो. सगळा मॅग्नेशियम नायट्राइडच झाला असता आणि आपण त्या वाढीला ऑक्सिजन समजलो असतो, तर उत्तर २०.८ आले असते.

उत्तर कमी येण्याची कारणे त्या मानाने थोडी: हायड्रॉक्साइडमधले पाणी पूर्ण गेले नाही, थंड होताना भुकटीने हवेतला ओलावा घेतला, किंवा बर्नरच्या पिवळ्या ज्योतीने मूषेच्या बुडाला काजळी धरली. म्हणून वर्गात हा प्रयोग केला की उत्तरे १२.१५ च्या वरच जास्त पडतात. कोणाचे ११.५ आले तर आधी मूषेचे बूड पाहावे.

जे धातू सरळ जळत नाहीत

तांब्याचा तुकडा तापवला तर वर काळा थर येतो आणि तोच आतल्या तांब्याला झाकून टाकतो. त्यामुळे तांब्यासाठी आडवाट घ्यावी लागते. वजन केलेले तांबे नायट्रिक आम्लात विरघळवायचे, मिळालेले निळे द्रावण सावकाश आटवायचे आणि उरलेले नायट्रेट तापवून विघटित करायचे. मागे काळा क्युप्रिक ऑक्साइड राहतो. यात तपकिरी, विषारी नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो, तेव्हा हे काम वायू ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचे. आटवताना शिंतोडे उडणे हा इथला मोठा धोका. कथिलही नायट्रिक आम्लाने असेच ऑक्साइडमध्ये बदलता येते.

उलट दिशेनेही जाता येते. वजन केलेल्या काळ्या ऑक्साइडवरून तो तापलेला असताना कोरडा हायड्रोजन सोडला की ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो आणि लालसर तांबे उरते. नळीतली हवा पूर्ण निघून जाईपर्यंत तापवायचे नाही, कारण हायड्रोजन आणि हवेचे मिश्रण स्फोटक असते. समजा १.५९ ग्रॅम ऑक्साइडपासून १.२७ ग्रॅम तांबे मिळाले. ऑक्सिजन ०.३२, आणि स = १.२७ ÷ ०.३२ × ८ = ३१.७५. या पद्धतीत पडताळाही आपोआप मिळतो. बाहेर पडलेले पाणी शोषून त्याचे वजन केले तर ते ०.३६ ग्रॅम भरायला हवे, आणि पाण्याच्या वजनाचा आठ-नवमांश भाग ऑक्सिजन असल्यामुळे तो पुन्हा ०.३२ येतो.

सोडियमच्या वाटेला मात्र या पद्धतीने जाऊ नका. तो हवेत जळला की मुख्यतः पेरॉक्साइड होतो. त्यात धातूमागे ऑक्सिजन साध्या ऑक्साइडच्या दुप्पट असतो, आणि सोडियमचा खरा सममूल्यभार २३ असताना हिशेब ११.५ दाखवतो. ‘८ भाग ऑक्सिजन’ ही मोजपट्टी साध्या ऑक्साइडसाठी आहे.

प्रश्न वेगळ्या वेषात आला तर

टक्केवारी दिली असेल तर १०० ग्रॅम ऑक्साइड धरा. ऑक्साइडमध्ये २०.१% ऑक्सिजन असेल तर धातू ७९.९, आणि स = ७९.९ ÷ २०.१ × ८ = ३१.८.

पण हे दोन प्रश्न शेजारी ठेवून वाचा. एक: ‘धातूच्या ऑक्साइडमध्ये २४.५% ऑक्सिजन आहे.’ दोन: ‘ऑक्साइड होताना धातूचे वजन २४.५ टक्क्यांनी वाढले.’ आकडा तोच, अर्थ वेगळा. पहिल्यात १०० हे ऑक्साइडचे वजन, म्हणून धातू ७५.५ आणि उत्तर २४.६५. दुसऱ्यात १०० हे धातूचे वजन, म्हणून उत्तर १०० ÷ २४.५ × ८ = ३२.६५, जे जस्ताच्या ३२.६९ च्या अगदी जवळ आहे. टक्केवारी दिसली की ‘कशाचे शंभर?’ हा प्रश्न स्वतःला विचारायचाच.

ऑक्सिजनचे वजन न देता आकारमान दिले असेल, तर ० अंश सेल्सियस आणि १ अॅटमॉस्फिअर दाबाला ८ ग्रॅम ऑक्सिजन ५.६ लिटर जागा व्यापतो हे वापरा. ०.३०० ग्रॅम धातूला त्या स्थितीत १३८ मिलीलिटर ऑक्सिजन लागला, तर स = ०.३०० × ५६०० ÷ १३८ = १२.१७. आकारमान दुसऱ्या तापमानाला मोजले असेल तर आधी ते या स्थितीवर आणावे लागते.

आणखी एक प्रकार ऑक्साइडचे दुसऱ्या संयुगात रूपांतर करण्याचा. इथे धातूचे वजन मुळीच दिलेले नसते. कळ अशी की ऑक्साइडचा सममूल्यभार स + ८, क्लोराइडचा स + ३५.४५, कार्बोनेटचा स + ३०, सल्फेटचा स + ४८. आणि रूपांतर होताना संयुगांची वजने या आकड्यांच्या प्रमाणातच राहतात. समजा २.०० ग्रॅम ऑक्साइडपासून ४.७२५ ग्रॅम क्लोराइड मिळाले.

(स + ३५.४५) ÷ (स + ८) = ४.७२५ ÷ २.०० = २.३६२५

तिरका गुणाकार केला की १.३६२५ × स = १६.५५, आणि स = १२.१५. पुन्हा मॅग्नेशियमच. किंवा १.०० ग्रॅम कार्बोनेट भाजून ०.५६ ग्रॅम ऑक्साइड उरला: ०.५६ × (स + ३०) = स + ८, म्हणून ०.४४ × स = ८.८ आणि स = २०, कॅल्शियमचा.

एका धातूचे दोन सममूल्यभार

तांब्याच्या काळ्या ऑक्साइडवरून ३१.८ मिळाला. लाल क्युप्रस ऑक्साइड घेतला तर त्यात ऑक्सिजन ११.२% असतो, आणि स = ८८.८ ÷ ११.२ × ८ = ६३.४. यातला खरा कोणता? दोन्ही. सममूल्यभार धातूचा एकट्याचा गुण नसून त्या धातूचा त्या संयुगातला गुण आहे. दोन आकड्यांचे प्रमाण २:१ असे सुबक येते, आणि गुणित प्रमाणाचा नियम (एकाच जोडीची दोन संयुगे झाली तर वजनांचे प्रमाण लहान पूर्णांकांत येते) सांगतो तो हाच. लोखंडाचेही तसेच: फेरस ऑक्साइडमध्ये २७.९, फेरिकमध्ये १८.६. चुंबकीय काळ्या ऑक्साइडवरून मात्र २०.९ येतो. ५५.८५ ला त्याने भागले तर संयुजा २.६७ निघते. घाबरून हिशेब पुन्हा करत बसू नका. त्या ऑक्साइडमध्ये लोखंडाचे काही अणू दोन संयुजेचे आणि काही तीन संयुजेचे आहेत, आणि तराजू त्यांची सरासरी दाखवतो.

म्हणून उत्तर लिहिताना ‘लोखंडाचा सममूल्यभार’ एवढे न लिहिता ‘फेरिक ऑक्साइडमधील लोखंडाचा सममूल्यभार’ असे लिहा.

तिथून अणुभारापर्यंत

अणुभार = सममूल्यभार × संयुजा. संयुजा पूर्णांक असते, म्हणून ती अंदाजाने कळली तरी पुरते, आणि तो अंदाज बाहेरून आणावा लागतो. १८१९ मध्ये ड्यूलाँ आणि पेती यांना आढळले की घन मूलद्रव्यांचा अणुभार आणि विशिष्ट उष्णता (१ ग्रॅम पदार्थ १ अंशाने तापवायला लागणारी उष्णता) यांचा गुणाकार सुमारे ६.४ येतो, विशिष्ट उष्णता कॅलरीत मोजली तर. एका ऑक्साइडमध्ये धातू ५२.९% आहे आणि धातूची विशिष्ट उष्णता ०.२१४ आहे असे समजा. स = ५२.९ ÷ ४७.१ × ८ = ८.९९. अंदाजे अणुभार ६.४ ÷ ०.२१४ = २९.९. त्याला ८.९९ ने भागले की ३.३, म्हणजे संयुजा ३. आता अंदाजे अणुभार सोडून द्यायचा आणि ८.९९ ला ३ ने गुणायचे: २६.९७, अॅल्युमिनियम. पुष्कळ जण २९.९ हेच उत्तर म्हणून लिहितात. तो आकडा फक्त संयुजा शोधण्यापुरता असतो. अचूकता सगळी सममूल्यभारात आहे.

इंडियम हा धातू फर्डिनांड राइख आणि थिओडोर रिश्टर यांना १८६३ मध्ये जस्ताच्या खनिजात सापडला. ऑक्साइडवरून त्याचा सममूल्यभार ३८ च्या आसपास निघाला. जस्ताचा सोबती म्हणून त्याचीही संयुजा २ धरली गेली आणि अणुभार सुमारे ७६ झाला. पण मेंडेलीव यांच्या आवर्त सारणीत ७५ चे आर्सेनिक आणि ७९ चे सेलेनियम यांच्यामध्ये रिकामी जागाच नव्हती. त्यांनी संयुजा ३ मानली, आणि अणुभार ११४ च्या घरात गेला. १८७० मध्ये बुन्सेन यांनी बर्फाच्या कॅलरीमापीने इंडियमची विशिष्ट उष्णता मोजली, ती सुमारे ०.०५७ निघाली. ६.४ ÷ ०.०५७ = ११२, आणि ११२ ÷ ३८.३ = २.९. संयुजा ३.

बेरिलियमच्या बाबतीत हीच उष्णतेची कसोटी फसवी ठरली. त्याचा सममूल्यभार ४.५. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञ त्याला अॅल्युमिनियमसारखा, तीन संयुजेचा मानत आणि अणुभार १३.५ सांगत. मेंडेलीव म्हणत, संयुजा २, अणुभार ९. साध्या तापमानाला बेरिलियमची विशिष्ट उष्णता सुमारे ०.४३ असते. ६.४ ÷ ०.४३ = १४.९, त्याला ४.५ ने भागले की ३.३, म्हणजे कौल तीनच्या बाजूने जातो. हलक्या आणि कठीण मूलद्रव्यांना ड्यूलाँ-पेती नियम साध्या तापमानाला लागू पडत नाही, त्याचा हा परिणाम. वाद मिटला तो १८८४ मध्ये. लार्स निल्सन आणि ओट्टो पेटरसन हे स्वतः तीन संयुजेच्या बाजूचे होते. त्यांनी बेरिलियम क्लोराइडची बाष्पघनता (त्याची वाफ तेवढ्याच आकारमानाच्या हायड्रोजनच्या किती पट जड) मोजली, आणि ती पुरेशा उच्च तापमानाला हायड्रोजनच्या तुलनेत ४० च्या आसपास भरली. रेणुभार त्याच्या दुप्पट, ८०. क्लोराइडचा सममूल्यभार ४.५ + ३५.४५ = ३९.९५. ८० ÷ ३९.९५ = २. अणुभार ४.५ × २ = ९ ठरला, आणि दोघांनी तो मान्य केला.